ठेंगणी, हलकी आणि काटकसरी

फेब्रुवारी २०१० मध्ये होंडाने जपानमध्ये ‘सीआर-झेड’ विक्रीला काढली, तेव्हा महिन्याला हजारभर गाड्या जातील असा कंपनीचा अंदाज होता. पहिल्याच महिन्यात दहा हजारांवर मागण्या आल्या. पुढे ‘जपान कार ऑफ द इयर’चा २०१०-११चा मानही तिनेच पटकावला. दोन दारं, मागे नावापुरत्या दोन सीट, पेट्रोलच्या इंजिनाला विजेच्या मोटरची जोड, आणि एवढं असूनही हाताने टाकायचे सहा गिअर, असा तो सगळा प्रकार होता. सहा वर्षांनी गाडी बंद झाली. तिची पुढची पिढी आलीच नाही. मधल्या काळात मोटारींबद्दल लिहिणाऱ्यांनी ‘ना धड स्पोर्ट्स कार, ना धड हायब्रिड’ म्हणून तिला यथेच्छ झोडपलं. तिचे चाहते मात्र गाडी बंद पडल्यावरही हटले नाहीत.

छोट्या, चपळ हायब्रिड कूपेत माणसं एवढी गुंततात ती कशासाठी, हे म्हणूनच एकदा नीट तपासून पाहावंसं वाटतं. वेगासाठी म्हणावं, तर त्याच पैशांत थोडी भर घातली की कितीतरी वेगवान गाड्या मिळत होत्या. पेट्रोल वाचवण्यासाठी म्हणावं, तर पाच माणसं बसणारी टोयोटाची प्रियस जास्त वाचवत होती. माझ्या मते खरी मेख आहे वजनात. हलकी गाडी पेट्रोल कमी पिते आणि वळणावर पटकन वळतेही. काटकसर आणि मजा एकाच कारणापोटी मिळावी, अशा जागा मोटारींच्या दुनियेत फार नाहीत. अडचण अशी की हायब्रिड म्हटलं की बॅटरी आली, मोटर आली, तारा आल्या, म्हणजे पुन्हा वजन आलं. या प्रकारातली प्रत्येक गाडी हा तिढा आपापल्या परीने सोडवू पाहते. कुणी किती सोडवला, यावर तिची गोडी ठरते.

सुरुवात हायब्रिडच्याही आधीपासून करायला हवी. १९८३ मध्ये होंडाने जपानमध्ये ‘बॅलाड स्पोर्ट्स सीआर-एक्स’ आणली. वजन आठशे किलोंच्या आसपास, मागचा भाग सुरीने कापल्यासारखा उभा छाटलेला. हवा गाडीवरून सुरळीत निघून जावी म्हणून शेपूट अशी छाटायची पद्धत मोटार-रेसिंगमध्ये आधीच रुळली होती. अमेरिकेत या गाडीचे दोन चेहरे विकले गेले. ‘एचएफ’ हे मॉडेल इंधन वाचवणारं, गॅलनला ५० मैलांच्या आसपास म्हणजे लिटरला २१ किलोमीटर देणारं. ‘एसआय’ हे पळणारं. सांगाडा तोच, दारं तीच. फरक इंजिन, गिअर आणि टायरचा. १९८७ च्या दुसऱ्या पिढीत चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आलं. १९८९ मध्ये जपानी ‘एसआयआर’ला १.६ लिटरच्या व्हीटेक इंजिनातून १६० अश्वशक्ती मिळाली, म्हणजे लिटरला शंभर, तीही टर्बोशिवाय. ज्यांनी ती चालवली ते आजही तिच्याबद्दल बोलताना थांबत नाहीत. पण आपल्या विषयाला ‘एसआयआर’पेक्षा ‘एचएफ’ जवळची आहे. पेट्रोल वाचवणारी गाडी दिसायला आणि चालवायला कंटाळवाणी असलीच पाहिजे असं नाही, हे त्या साध्या मॉडेलने दाखवून दिलं, आणि विजेच्या मोटरचं नावही न घेता.

मोटर आली १९९९ मध्ये. त्या वर्षी नोव्हेंबरात जपानमध्ये आणि डिसेंबरात अमेरिकेत होंडाने ‘इन्साइट’ विकायला सुरुवात केली. प्रियस जपानमध्ये १९९७ पासून होती, पण अमेरिकेत ती २००० मध्ये पोचली. त्यामुळे अमेरिकन ग्राहकाला मिळालेली पहिली हायब्रिड म्हणजे ही दोन माणसांची छोटी कूपे. आजही तिचा फोटो पाहिला की क्षणभर थांबायला होतं. मागची चाकं अर्धी झाकलेली, शेपूट सीआर-एक्ससारखी छाटलेली, हवेचा अवरोध मोजणारा आकडा ०.२५. त्या काळच्या रस्त्यावरच्या गाड्यांत एवढा कमी आकडा क्वचितच दिसे. सगळा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा. एनएसएक्स आणि एस२००० या होंडाच्या खानदानी स्पोर्ट्स गाड्या जिथे जुळत, तिथेच हीसुद्धा बांधली जाई. पुढे ९९५ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, मागे सामान ठेवायच्या जागेखाली १४४ व्होल्टची निकेल-मेटल-हायड्राइड बॅटरी. सगळं धरून वजन साडेआठशे किलोंच्या आत.

तिची यंत्रणा थोडी समजून घेतली तर पुढची अर्धी चर्चा सोपी होते. होंडा तिला आयएमए म्हणत असे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये, जिथे एरवी जड फ्लायव्हील असतं तिथे, सहा सेंटिमीटर जाडीची चपटी मोटर बसवलेली. गाडी सुरू करायचं काम तिचं, ब्रेक लावताना वीज तयार करून बॅटरीत भरायचं कामही तिचं, आणि जोर लावायची वेळ आली की इंजिनाला हातभार लावायचाही तिनेच. चढावर धापा टाकणाऱ्या सायकलवाल्याच्या पाठीला मित्राने हात लावावा, तेवढीच तिची मदत. सायकल मित्र चालवत नाही. प्रियसची रचना निराळी. तिच्यात दोन मोटर आणि मधे ग्रहमालेसारखी फिरणारी दातेरी चाकं, त्यामुळे इंजिन बंद ठेवून ती नुसत्या विजेवर गल्ली पार करू शकते. इन्साइटला ते जमत नव्हतं. पण प्रियसच्या त्या रचनेत हाताच्या गिअरला जागाच नाही. आयएमए स्वस्त, हलकी, आणि क्लच-गिअर जसेच्या तसे ठेवणारी. गाडी चालवायची ज्यांना हौस होती, त्यांच्यासाठी हा सौदा वाईट नव्हता.

अमेरिकी सरकारच्या चाचणीत मॅन्युअल इन्साइटला शहरात गॅलनला ६१ आणि महामार्गावर ७० मैल मिळाले, म्हणजे लिटरला अंदाजे २६ आणि ३०. जपानी चाचणीत आकडा ३५ किलोमीटर प्रतिलिटर. चाचणीच्या पद्धती नंतर कडक झाल्या आणि हे आकडे कागदावर खाली आले, पण गाडीभोवती एक विचित्र खेळ तयार झाला होता. तिच्या मालकांतले काहीजण टाकीमागे किती मैल निघाले याच्या पैजा लावू लागले. टायरात हवा थोडी जास्त, उतारावर पाय वर, पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच वेग सोडून द्यायचा, ब्रेकला शक्यतो हात लावायचा नाही. जरा कौशल्य असलेला माणूस सरकारी आकड्याच्या वर सहज जाई आणि पटाईत माणूस गॅलनला शंभर मैल गाठे. आपल्याकडे गाडी घेतल्याबरोबर नातेवाईक ‘किती देते?’ विचारतात आणि मालक आकडा थोडा फुगवून सांगतो. इन्साइटवाल्याला फुगवायची गरज नव्हती. गाडी किती देणार हे बहुतांशी त्याच्याच पायावर ठरे.

वेगाच्या हौसेला लागतं तेच कौशल्य इथे उलट्या दिशेने लागतं, आणि मला वाटतं, या गाडीची खरी ओढ तिथेच आहे. घाटात उत्तम गाडी चालवणारा आणि उत्तम मायलेज काढणारा, दोघांनाही रस्ता लांबवर वाचावा लागतो, गाडीचा वेग वाया जाऊ द्यायचा नसतो, पाय हलका ठेवायचा असतो. फरक एवढाच की एकाला दंड होऊ शकतो.

कॅलिफोर्नियात इन्साइटला आणखी एक आकर्षण होतं, निव्वळ व्यवहारी. गॅलनला ४५ मैलांच्या वर देणाऱ्या हायब्रिड गाड्यांना २००५ पासून तिथे पिवळं स्टिकर मिळे. ते लावलं की एकटा माणूससुद्धा कारपूलच्या राखीव मार्गिकेतून जाऊ शकत असे. अशी स्टिकर ८५ हजार दिली गेली. सिलिकॉन व्हॅलीतल्या सकाळच्या कोंडीत अडकलेल्या इंजिनिअरांना, आणि त्यांत पुण्या-मुंबईकडची माणसं काही थोडी नव्हती, त्या स्टिकरची किंमत कुणी समजावून सांगायला नको होती. २०११च्या जुलैपासून ही सवलत संपली. एवढं सगळं असूनही इन्साइट खपली किती, तर सात वर्षांत जगभर मिळून सतरा हजारांच्या आसपास. दोनच सीट, चिमूटभर डिकी, अ‍ॅल्युमिनियमचा खर्च. होंडाला ती प्रयोगशाळेइतकीच उपयोगी पडली असावी. २००६ मध्ये ती बंद झाली आणि २००९ मध्ये तेच नाव प्रियससारख्या दिसणाऱ्या पाच दारांच्या गाडीला दिलं गेलं. जुन्या इन्साइटच्या भक्तांनी त्या गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही.

आता सीआर-झेड. तिची चाहूल २००७ च्या जिनिव्हा प्रदर्शनात ‘स्मॉल हायब्रिड स्पोर्ट्स’ नावाच्या नमुन्यातून लागली होती, आणि त्याच वर्षी टोकियोत तिच्याच नावाचा नमुना आला. २००८च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं. पेट्रोल वाचवणारी पण दिसायला झकास गाडी आणायला याहून चांगला मुहूर्त नव्हता. गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर येईपर्यंत मात्र लेहमन ब्रदर्स ही बँक बुडून गेली होती, पेट्रोल उतरलं होतं आणि तरुणांचे खिसे रिकामे झाले होते.

गाडीत बसलं की डोळे आधी मीटरकडे जातात. मधोमध इंजिनाच्या फेऱ्यांचं मोठं वर्तुळ, त्याच्या पोटात अंकांत वेग, भोवती प्रकाशाचं कडं. ‘इकॉन’वर हळू चालवलं तर कडं हिरवं, पाय जड झाला की ते निळ्याकडे झुकतं, ‘स्पोर्ट’चं बटण दाबलं की लाल. डावी-उजवीकडे बॅटरी किती भरली आणि मोटर या क्षणी देते आहे की घेते आहे याच्या पट्ट्या. गिअर बदलायची वेळ झाली की बाण उजळतो. सिग्नलला न्यूट्रल करून थांबलात की इंजिन गप्प होतं. क्लच दाबून पहिला टाकायला गेलात की लगेच जागं होतं. मागचं पाहायला जावं तर आरशात काचेच्या मधोमध एक आडवी पट्टी दिसते, कारण मागची काच दोन भागांत आहे. वरून मागची गाडी दिसते, खालून तिचा बंपर. रिव्हर्स घेताना वैताग येतो, पण गाडीचा छाटलेला पार्श्वभाग तसाच ठेवायचा तर याला पर्याय नव्हता. सीआर-एक्सलाही शेपटीत उभी काच होतीच.

सुरुवातीच्या टप्प्यात गाडी कागदावर आहे त्यापेक्षा ताकदवान वाटते. दीड लिटरचं इंजिन आणि मोटर मिळून १२२ अश्वशक्ती, पण १७४ न्यूटन-मीटर टॉर्क हजार-दीड हजार फेऱ्यांवरच हाताशी येतो, कारण मोटरला फेऱ्या चढायची वाट पाहावी लागत नाही. शहरात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर पिकअप मस्त मिळतो. स्टिअरिंग हलकं, नेमकं. गिअरचा दांडा आखूड, बसका, मनगटाने टाकता येईल असा. होंडाने या एका बाबतीत कधी कुचराई केली नाही. पुढे मोकळ्या रस्त्यावर पाय दाबून धरला की मजा ओसरते. शून्य ते शंभर जायला दहा सेकंदांच्या आसपास.

टीकाकारांचं म्हणणं असं होतं: एवढ्या वेगात यापेक्षा स्वस्त गाड्या जातात, आणि पेट्रोलचं म्हणाल तर अमेरिकी चाचणीत मॅन्युअल सीआर-झेडला शहरात ३१ आणि महामार्गावर ३७ मैल मिळतात, म्हणजे लिटरला १३ आणि पावणेसोळा. पंचवीस वर्षांपूर्वीची बिनमोटरची सीआर-एक्स एचएफ हिच्यापुढे होती! त्या काळच्या चाचण्या ढिल्या होत्या आणि सुरक्षेचे नियम सौम्य होते हे खरं, पण टोला वर्मी बसला. एअरबॅग, पत्रे, अपघातात न चेपणारा सांगाडा, सतरा वस्तू आल्या, आणि गाडी ११३० किलोंवर गेली. इन्साइटहून जवळपास तीनशे किलो जास्त. मोटर मात्र इन्साइटमध्ये होती तेवढीच, दहा किलोवॅटची. गाडी वाढली आणि मदतीचा हात तेवढाच राहिला. माझ्या दृष्टीने सीआर-झेडचं दुखणं या एका आकड्यात आहे.

मायलेजचा आणि वेगाचा तक्ता मांडून तिला नापास करणं मला पटत नाही, तरी ही गोष्ट टीकाकारांना द्यावीच लागेल. होंडालाही ते कळलं असावं. २०१२ मध्ये बदललेल्या गाडीत लिथियम-आयन बॅटरी आली, मोटर १५ किलोवॅटची झाली, आणि स्टिअरिंगवर एक ‘एस प्लस’ बटण आलं. ते दाबलं की बॅटरीत साठवलेली वीज काही क्षण एकदम खर्चून गाडी उसळी घेते. सुधारणा चांगली होती, पण तोवर उशीर झाला होता. २०११ मध्ये ह्युंदाईने वेलोस्टर आणली, २०१२ मध्ये टोयोटाने मागच्या चाकांवर चालणारी, दोनशे अश्वशक्तीची जीटी८६. जो तरुण ग्राहक कूपे घ्यायला निघाला होता, त्याच्यासमोर आता खऱ्या पळणाऱ्या गाड्या होत्या. त्याला हायब्रिडचं कौतुक नव्हतं. ज्याला हायब्रिड हवी होती, त्याला मागच्या सीटवर मुलं बसवायची होती. अमेरिकेत तर सीआर-झेडला मागची सीटही दिली नव्हती, तिथे सामानासाठी दोन खळगे होते. आणि २०१४ च्या अखेरीस कच्चं तेल कोसळल्यावर सगळं जग उंच, बोजड एसयूव्हीकडे वळलं. तिथे छोट्या गाड्यांचीच पंचाईत झाली, छोट्या कूपेची काय कथा.

शर्यतीत तिचं नाव झालं, पण ते थोडं फसवं आहे. जपानच्या सुपर जीटी मालिकेत जीटी३०० गटाचं २०१३चं विजेतेपद मुगेन या शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या कंपनीच्या सीआर-झेडने मिळवलं. तिच्यात मोटर आणि बॅटरी होती, पण इंजिन होतं गाडीच्या मधोमध बसवलेलं २.८ लिटरचं दोन टर्बोंचं व्ही६. दुकानातल्या गाडीशी नातं म्हणजे चेहऱ्याचं. मुगेनने सुपरचार्जर लावलेल्या तीनशेच गाड्या रस्त्यासाठी तयार केल्या. होंडाने हे सुपरचार्जरचं इंजिन पहिल्यापासून का दिलं नाही, असं चाहते विचारत राहिले. उत्तर सोपं आहे: दिलं असतं तर मायलेज गेलं असतं, आणि मग हायब्रिड कशाला?

याच काळात युरोपात हा तिढा पैशाच्या जोरावर सोडवायचे दोन प्रयत्न झाले. फोक्सवॅगनच्या फर्डिनंड पीएश यांना शंभर किलोमीटरला एक लिटर पिणारी गाडी हवी होती. २००२ मध्ये तिच्या पहिल्या नमुन्यात बसून ते वोल्फ्सबुर्गहून हॅम्बुर्गला गेले होते. त्या हट्टातून २०१३ मध्ये ‘एक्सएल१’ आली. कार्बन फायबरची काया, वजन ७९५ किलो, दोन सिलिंडरचं ०.८ लिटर डिझेल इंजिन, मागची काचच नाही, बाजूच्या आरशांच्या जागी कॅमेरे. कागदावर शंभर किलोमीटरला ०.९ लिटर. अशा अडीचशे गाड्या झाल्या, आणि किंमत लाख युरोंच्या वर. वजनाचा प्रश्न सुटतो, फक्त सोडवणाऱ्याचा खिसा खोल हवा, एवढंच तिने सिद्ध केलं. दुसरी बीएमडब्ल्यूची ‘आय८’. २०१५च्या फेब्रुवारीत मुंबईत तिचं अनावरण सचिन तेंडुलकरच्या हस्ते झालं तेव्हा वर्तमानपत्रांनी दारं पंखांसारखी वर उघडतात याचीच बातमी केली. २ कोटी २९ लाखांच्या त्या गाडीत इंजिन होतं दीड लिटरचं, तीन सिलिंडरचं, हे फारसं कुणी छापलं नाही. कल्पना होंडाचीच: छोटं इंजिन, मोटरची जोड, ठेंगणी काया. फक्त मोटर १३१ अश्वशक्तीची होती. मदतीचा हात भक्कम असला तर काय होतं हे पाहायचं असेल तर आय८ पाहावी, पण तिला छोटी किंवा काटकसरी म्हणवत नाही.

भारतात सीआर-झेड आली नाही. जपानमध्ये वापरून झालेल्या सीआर-झेड श्रीलंकेत आणि पाकिस्तानात उतरल्या. आपल्याकडे वापरलेली गाडी आणायची तर आयात शुल्कातच माणूस गारद. हायब्रिडशी आपली ओळख होंडानेच करून दिली होती, २००८च्या सिव्हिक हायब्रिडमधून. साडेएकवीस लाखांना ती कुणी घेईना. शेवटी कंपनीने त्याच वर्षी सुमारे आठ लाखांनी किंमत उतरवली आणि मग गाड्या बघता बघता संपल्या. ग्राहकाला हायब्रिड नको होती असं नव्हे, तिच्यापायी दुप्पट पैसे मोजायचे नव्हते. २०१० मध्ये, म्हणजे सीआर-झेडच्याच वर्षी, पुण्याच्या केपीआयटी कंपनीने भारत फोर्जला सोबत घेऊन ‘रेव्होलो’ जाहीर केलं. जुन्या गाडीला मोटर आणि बॅटरी बसवून तिला हायब्रिड करायचा तो संच होता. तत्त्व आयएमएच्याच जवळचं, इंजिनाला पाठबळ देण्याचं. आपल्या मारुतीला असा संच बसवता येईल म्हणून पुण्यात तेव्हा बरीच उत्सुकता होती; बाजारात मात्र ते घराघरांतल्या मोटारींपर्यंत पोचलं नाही.

छोट्या स्पोर्ट्स गाडीचं वेडही आपल्याकडे अधूनमधून डोकावून गेलं आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ तयार होऊ लागली, दोन माणसांची, फायबरच्या कायेची, रेनॉच्या १.२ लिटर इंजिनाची. पणजीच्या रस्त्यांवर ती शोभून दिसायची. २०१७ मध्ये टाटांनी जिनिव्हात ‘रेसमो’ मांडली: चार मीटरच्या आत, १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १९० अश्वशक्ती. पुढे हिशेब जुळेना आणि ती गुंडाळली गेली. दोन्ही गाड्यांत मोटर नव्हती, पण चार मीटर आणि बाराशे सीसी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. आपल्याकडे छोट्या पेट्रोल गाडीची करापुरती व्याख्या तीच आहे. सप्टेंबर २०२५ पासून या मापात बसणाऱ्या पेट्रोल गाड्यांवर, हायब्रिड असल्या तरी, १८ टक्के जीएसटी आहे. त्याबाहेर गेलात की ४० टक्के. १९९९ची इन्साइट ३,९४० मिलिमीटरच्या आसपास लांब आणि ९९५ सीसीची होती, म्हणजे या मापात चपखल. सीआर-झेड ४,०८० मिलिमीटर आणि १,४९७ सीसी. दोन्हीकडे बाहेर, त्यातही लांबीत फक्त आठ सेंटिमीटरनी.

होंडा आता पुन्हा कूपेकडे वळली आहे. १९७८ ते २००१ चाललेलं ‘प्रेल्यूड’ हे नाव सप्टेंबर २०२५ मध्ये हायब्रिड होऊन परतलं. महिन्याला तीनशे गाड्यांचा अंदाज आणि पहिल्या महिन्यात दोन हजारांवर मागण्या, म्हणजे २०१०चाच प्रकार. यंत्रणा मात्र पूर्ण वेगळी आहे. दोन लिटरचं इंजिन बहुतेक वेळ जनरेटरचं काम करतं आणि चाकं मोटर फिरवते. मोकळ्या महामार्गावर इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. आपल्याकडे २०२२ पासून सिटी ई:एचईव्हीत मिळते ती याच घराण्यातली व्यवस्था, एआरएआयच्या २०२२च्या चाचणीत लिटरला २६.५ किलोमीटर दिलेली. प्रेल्यूडचे पुढचे सस्पेन्शन आणि ब्रेक सिव्हिक टाइप-आरच्या वळणाचे आहेत, त्यामुळे ती वळणावर उत्तम असणार यात शंका नाही. पण तिला गिअरच नाहीत. ‘एस प्लस शिफ्ट’ दाबलं की संगणक आठ गिअर असल्याचा देखावा करतो, फेऱ्यांच्या उड्या मारतो आणि स्पीकरमधून इंजिनाचा आवाज वाढवतो. हे मोठ्या चतुराईने केलं आहे, आणि मला ते मनापासून आवडत नाही. सीआर-झेडच्या मालकाने चुकीच्या वेळी गिअर टाकला तर गाडी त्याला तसं जाणवून द्यायची. इथे चूक करायला जागाच ठेवलेली नाही. शिवाय लांबी साडेचार मीटर, वजन दीड टनाच्या जवळ, अमेरिकेत किंमत ४२ हजार डॉलर. सीआर-झेड तिथे वीस हजारांच्या आत सुरू होत होती. ज्या टोकियो प्रदर्शनात २०२३ मध्ये प्रेल्यूडचा नमुना दिसला, तिथेच माझदाने ‘आयकॉनिक एसपी’ ही जनरेटरला रोटरी इंजिन लावलेली कूपे ठेवली होती. ती दिसायला फारच देखणी. तिचंही जाहीर केलेलं वजन १,४५० किलो. सगळ्यांचा काटा तिथेच येऊन थांबतो.

जुनी घ्यायची म्हणाल, तर परदेशात राहणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की सीआर-झेड २०१२ नंतरची, लिथियम बॅटरीची पाहावी, आणि मॅन्युअलच. आधीच्या निकेल बॅटऱ्या आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. बॅटरी थकली की मीटरवरची भरलेली पट्टी चढावर बघता बघता रिकामी होते, ते चालवून पाहतानाच कळतं. इन्साइट चांगल्या अवस्थेतली मिळाली तर किमतीत घासाघीस करत बसू नये, मात्र अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून देणारा कारागीर आधी शोधून ठेवावा.

नव्या गाड्यांत आयएमएच्या जवळ जाणारी गाडी शोधायची झाली तर ती कूपेच्या शोरूममध्ये सापडत नाही. जपानमध्ये विकली जाणारी सुझुकीची नवी स्विफ्ट पाहावी. १,१९७ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, त्याला अगदी छोट्या मोटरची जोड, हाताचे पाच गिअर, वजन ९२० किलो, जपानी चाचणीत लिटरला २५.४ किलोमीटर. दारं पाच आहेत आणि छप्पर उंच आहे, तेव्हा कूपेचा डौल तिच्यात नाही. बाकी हिशेब जवळजवळ जुळतो. तीच स्विफ्ट आपल्याकडेही बनते, तेच इंजिन, तेवढीच ३,८६० मिलिमीटर लांबी, करातही छोट्या गाडीच्या मापात बसणारी. फक्त इथे विकताना तिच्यातली मोटर काढून ठेवली आहे.